आरोग्यसेवेचा दुसरा ताळेबंद

सार्वजनिक आरोग्यसेवेचा एक ताळेबंद सर्वांच्या परिचयाचा असतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, प्रतीक्षायादी किती लांबली आणि खर्च किती झाला, हे त्यात मांडलेले असते. दुसरा ताळेबंद क्वचितच मांडला जातो. ही सेवा चालवणारी माणसे वर्षभरात किती थकली आणि किती आजारी पडली, त्यांच्यापैकी कोणाला बढती मिळाली आणि कोणामागे चौकशी लागली, रुग्णांना बरे करता करता रुग्णालयांनी हवेत किती कार्बन सोडला, याचा हिशेब त्यात येतो. कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य, सर्वसमावेशकता आणि शाश्वतता ही या हिशेबाची तीन खाती. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, ही तिन्ही खाती दर वर्षी जाहीरपणे मांडते. पुढील विवेचन मुख्यतः इंग्लंडपुरते आहे, कारण स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या आरोग्यसेवा स्वतंत्रपणे चालतात.

एनएचएसची स्थापना 5 जुलै 1948 रोजी झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयाला भेट दिली. उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशाकडे पाहायचे नाही आणि खर्च करांतून भागवायचा, हे या सेवेचे मूळ तत्त्व. एकट्या इंग्लंडमध्ये तिची रुग्णालये आणि सामुदायिक सेवा मिळून सुमारे 15 लाख माणसे काम करतात. शल्यविशारद आणि परिचारिका यांच्याबरोबर रुग्णवाहिकांचे चालक, प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ, स्वयंपाकघरातले आणि सफाईचे कामगार, नोंदी ठेवणारे कारकून असे सगळे त्यात आले. यांतले सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी स्त्रिया आहेत. एवढी मोठी संस्था आपल्या माणसांशी कशी वागते, हा तिचा घरगुती प्रश्न राहत नाही. त्याचे परिणाम थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतात.

ही तीन खाती एकाच वेळी उघडली गेली नाहीत. शाश्वततेचा विचार 2008 पासून आकार घेऊ लागला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हवामानबदलाचा कायदा झाला, आरोग्यसेवेत शाश्वत विकासासाठी वेगळा कक्ष निघाला आणि 2009 च्या आरंभी एनएचएसचे कार्बनकपातीचे पहिले धोरण आले. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचा प्रश्न 2009 मध्ये डॉ. स्टीव्ह बूरमन यांच्या अहवालाने ऐरणीवर आणला. आजारपणामुळे एनएचएस दर वर्षी कामाचे 1 कोटी 3 लाख दिवस गमावते आणि त्याची किंमत सुमारे 1.7 अब्ज पौंड होते, असा त्यांचा अंदाज होता. हे प्रमाण एक तृतीयांशाने घटले तर 34 लाख दिवस वाचतील, हेही त्यांनी मांडले. कर्मचाऱ्यांची काळजी हा दयाबुद्धीचा नव्हे तर सेवेच्या क्षमतेचा विषय आहे, हे या गणिताने कारभाऱ्यांच्या भाषेत सांगितले.

2013 मध्ये स्टॅफर्ड रुग्णालयातील हेळसांडीवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला. त्यात 290 शिफारशी होत्या. वॉर्डात काय चालले आहे हे दिसत असूनही कर्मचारी बोलायला धजावत नव्हते आणि जे बोलले त्यांचे ऐकले गेले नाही, ही त्यातली सर्वांत बोचरी बाब. पुढच्याच वर्षी रॉजर क्लाइन यांनी लंडनमधल्या एनएचएस संस्थांच्या नेतृत्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक वंशांची माणसे ज्या शहरात राहतात आणि सेवेत राबतात, तिथल्या संचालक मंडळांवर मात्र जवळपास सगळे गोरेच आहेत, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर 2015 मध्ये वांशिक समतेची मोजपट्टी सर्व ट्रस्टांना बंधनकारक झाली. ट्रस्ट म्हणजे एक किंवा अधिक रुग्णालये अथवा सेवा चालवणारी एनएचएसची स्वायत्त संस्था. इंग्लंडमध्ये असे 200 च्या आसपास ट्रस्ट आहेत.

या लेखाजोख्याचा कणा म्हणजे कर्मचाऱ्यांची वार्षिक पाहणी. ती 2003 पासून चालू आहे. दर शरद ऋतूत कर्मचाऱ्यांना प्रश्नावली जाते आणि पुढच्या वसंतात निष्कर्ष प्रसिद्ध होतात. 2023 च्या फेरीत सात लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांनी उत्तरे दिली. उत्तर देणाऱ्याची ओळख मालकापर्यंत पोचत नाही, पण ट्रस्टनिहाय निकाल मात्र कोणालाही पाहता येतात. 2021 पासून प्रश्नांची मांडणी एनएचएसने 2020 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या सात वचनांनुसार केली जाते. सहृदयता आणि समावेश, कामाची कदर आणि मोबदला, शब्दाला किंमत, सुरक्षितता आणि आरोग्य, शिकण्याची संधी, वेळेची लवचीकता आणि संघभावना, अशी ती सात वचने. प्रत्येकाला 0 ते 10 गुण मिळतात. एकच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो, हे या पाहणीचे खरे बळ आहे. एका वर्षीच्या आकड्यावरून परिस्थितीचा अंदाज येतो, तर दहा वर्षांच्या आकड्यांवरून ती कुठे चालली आहे ते कळते.

अशा लेखाजोख्यांची काही वर्षे शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे रोजच्या कामाची पद्धत बदलली तिथे आकडा हलला. जिथे केवळ संकल्प सोडला गेला तिथे आकडा आहे तिथेच राहिला. तिन्ही खात्यांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

पहिले खाते स्वास्थ्याचे. मागच्या बारा महिन्यांत कामाच्या ताणामुळे आजारी वाटले का, असा एक प्रश्न पाहणीत असतो. 2021 मध्ये 46.8 टक्के कर्मचाऱ्यांनी होय म्हटले, 2022 मध्ये 44.8 टक्क्यांनी आणि 2023 मध्ये 41.7 टक्क्यांनी. कोविडच्या शिखरानंतर उतार लागला, हे खरे. पण ज्या सेवेत पाचांपैकी दोघांना कामानेच आजार येतो, तिने या उतारावर समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. आजारपणाच्या रजांच्या कारणांतही चिंता, ताण आणि नैराश्य यांचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे साधारण एक चतुर्थांश असतो.

ताणाच्या मुळाशी बहुतेकदा फार साध्या गोष्टी असतात. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या प्रशिक्षणार्थी भूलतज्ज्ञांच्या थकव्याची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. रात्रपाळीनंतर गाडी चालवत घरी जाताना आपल्याला अपघात झाला किंवा होता होता राहिला, असे त्यांतल्या 57 टक्के डॉक्टरांनी सांगितले. त्या पाहणीमागे रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका तरुण डॉक्टरच्या मृत्यूची पार्श्वभूमी होती. यावरचा उपाय व्याख्यानात सापडत नाही. पाळी संपल्यावर दोन तास पडता येईल अशी खोली, रात्री दोन वाजता मिळणारे गरम जेवण, मधल्या सुट्टीत कोणी बोलावणार नाही याची हमी आणि सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा, असा तो उपाय आहे. डॉक्टरांच्या संघटनेने 2018 मध्ये याबाबतची सनदच काढली आणि 2019 मध्ये विश्रांतीच्या सोयींसाठी सरकारी निधीही आला. जेवायला उसंत नसलेल्या परिचारिकेला मनःशांतीचे अ‍ॅप देऊन स्वास्थ्य वाढत नाही, ही समज हळूहळू रुजत आहे.

मनावरच्या ओझ्यासाठीही पद्धतशीर प्रयत्न झाले आहेत. 2009 पासून ब्रिटनमध्ये ‘श्वार्ट्झ राउंड’ नावाच्या बैठका भरू लागल्या. त्यांचा उगम अमेरिकेतला. महिन्यातून एकदा, साधारणपणे दुपारच्या जेवणाच्या वेळी, तासभराची ही बैठक असते. आधी सगळ्यांना जेवण दिले जाते. मग तीन-चार कर्मचारी एखाद्या रुग्णाविषयी किंवा प्रसंगाविषयी आपल्याला त्या वेळी काय वाटले ते थोडक्यात सांगतात. त्यांत शल्यविशारद असतो तसा हमालही असतो. मग चर्चा सर्वांसाठी खुली होते. एक नियम काटेकोरपणे पाळला जातो: तिथे निदानाची चिकित्सा करायची नाही, चूक शोधायची नाही, उपाय सुचवायचे नाहीत, फक्त ऐकायचे आणि आपले सांगायचे. दगावलेल्या मुलाच्या आईला निरोप सांगून आल्यावर आपण जिन्यात बसून रडलो, हे ज्येष्ठ डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर नवख्या परिचारिकेचे एकटेपण कमी होते. पदांची उतरंड तेवढ्या तासापुरती बाजूला राहते, आणि हेच या बैठकीचे मर्म आहे.

आजारी डॉक्टरांसाठी लंडनमध्ये 2008 साली वेगळी गोपनीय सेवा सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. डॉक्टर स्वतःचा मानसिक आजार लपवतात, कारण आपल्या सहकाऱ्यांसमोर रुग्ण म्हणून बसणे त्यांना अवघड जाते. ही अडचण ओळखून ती सेवा रचली होती. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, सर्व कर्मचाऱ्यांसाठी 40 मानसिक आरोग्य केंद्रे उघडली गेली. मात्र त्यांचा केंद्रीय निधी मार्च 2023 मध्ये थांबला आणि पुढचा भार स्थानिक संस्थांवर पडला. तात्पुरत्या निधीवर उभी केलेली कायमची गरज टिकवणे अवघड असते.

वेतनाचा प्रश्नही स्वास्थ्याच्या खात्यातून वगळता येत नाही. 2022 च्या पाहणीत आपल्या पगारावर समाधानी असलेले कर्मचारी चारांपैकी जेमतेम एक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिचारिकांच्या ‘शाही महाविद्यालय’ या संघटनेने आपल्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातला पहिला व्यापक संप केला आणि मार्च 2023 पासून कनिष्ठ डॉक्टरांचे संप सुरू झाले. पाहणीत जे आकड्यांत दिसत होते तेच काही महिन्यांत रस्त्यावर आले. वार्षिक लेखाजोखा वेळीच वाचला तर तो पूर्वसूचनेचे काम करतो, याचे हे उदाहरण.

स्टॅफर्डची चौकशी करणाऱ्या फ्रान्सिस यांच्या सूचनेवरून प्रत्येक ट्रस्टमध्ये ‘बोलण्याच्या स्वातंत्र्याचे पालक’ नेमले गेले. 2016 पासून त्यांच्यासाठी राष्ट्रीय पालकाचे कार्यालयही होते. वरिष्ठाकडे तक्रार नेता येत नसेल तर कर्मचाऱ्याने या पालकाकडे जावे, नाव गुप्त ठेवले जाईल आणि त्याबद्दल त्रास होणार नाही, अशी ही व्यवस्था आहे. बोलण्याची सोय झाली, तरी बोलल्यावर काही बदलते का, हा प्रश्न पाहणीत वेगळा विचारला जातो. बोलणे सुरक्षित आहे असे वाटणाऱ्यांपेक्षा, बोलल्याने संस्था खरोखर काही करील असे वाटणारे नेहमीच कमी भरतात. दार उघडले तरी आत सुनावणी होते का, यावरच त्या दाराची किंमत ठरते.

दुसरे खाते सर्वसमावेशकतेचे. येथे कायद्याचा आधार 2010 चा समता कायदा आहे. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल यांसह नऊ बाबींवरून भेदभाव करण्यास तो मनाई करतो आणि सार्वजनिक संस्थांवर समतेची खास जबाबदारी टाकतो. 2015 ची वांशिक समतेची मोजपट्टी नऊ निर्देशकांची आहे. भरती, शिस्तभंगाची कारवाई, प्रशिक्षण, छळ, बढतीतील समान संधी आणि संचालक मंडळातील स्थान हे त्यांतले मुख्य विषय. ट्रस्टने आकडे द्यायचे, ते जाहीर व्हायचे आणि त्यावर कृतियोजना आखायची, असा दंडक आहे.

या मोजपट्टीवरचे दोन आकडे शेजारी ठेवले की फार काही शिकायला मिळते. 2016 मध्ये अल्पसंख्य वंशगटातील कर्मचाऱ्यावर औपचारिक शिस्तभंगाची कारवाई सुरू होण्याची शक्यता गोऱ्या कर्मचाऱ्याच्या 1.56 पट होती. 2023 मध्ये ती 1.03 पट, म्हणजे जवळपास समान झाली. दुसरा आकडा भरतीचा. मुलाखतीच्या यादीत आलेल्या गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता 2016 मध्ये अल्पसंख्य वंशगटातील उमेदवाराच्या 1.57 पट होती आणि 2023 मध्ये 1.59 पट. सेवा तीच, वर्षे तीच आणि जाहीर संकल्पही तेच. तरीही एक दरी बुजत आली आणि दुसरी जशीच्या तशी राहिली.

याचे कारण पद्धतीत शोधावे लागते. शिस्तभंगाच्या बाबतीत प्रक्रियाच बदलली. औपचारिक चौकशी लावण्याआधी प्रकरण तिऱ्हाईत वरिष्ठाने तपासावे, ही चूक व्यक्तीची आहे की व्यवस्थेची ते आधी ठरवावे आणि जे बोलून सुटेल ते फायलीत घालू नये, असे पायंडे पडले. लिव्हरपूल परिसरातल्या मर्सी केअर ट्रस्टने ‘दोषी कोण’ याऐवजी ‘कोणाला इजा झाली, त्याला काय हवे आणि ते पुरवणे कोणाचे काम’ हे प्रश्न आधी विचारायला सुरुवात केली. तिथल्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत मोठी घट झाली. या बदलाला एक करुण पार्श्वभूमीही होती. 2016 मध्ये लंडनमधल्या एका परिचारकाने बडतर्फीनंतर आपले जीवन संपवले. त्याच्यावरची कारवाई अन्याय्य होती असा निष्कर्ष स्वतंत्र चौकशीत निघाला आणि 2019 मध्ये सर्व ट्रस्टांना आपली शिस्तभंगाची पद्धत तपासून पाहण्याचे लेखी आवाहन करण्यात आले. भरतीत मात्र असा मूलगामी बदल झाला नाही. मुलाखत घेणाऱ्यांना पूर्वग्रहांवरचे प्रशिक्षण दिले गेले, मुलाखत मंडळात विविधता असावी असे सांगितले गेले, पण निवडीचा अधिकार, गुण देण्याची रीत आणि ‘आपल्यात बसेल असा’ उमेदवार निवडण्याची सवय बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखीच राहिली.

याचा परिणाम वरच्या पायऱ्यांवर दिसतो. मार्च 2023 मध्ये ट्रस्टांतल्या कर्मचाऱ्यांत अल्पसंख्य वंशगटांचा वाटा 26.4 टक्के होता. संचालक मंडळांत तो 15.6 टक्के आणि सर्वोच्च व्यवस्थापकांत 11.2 टक्के होता. जसजशी पदाची पायरी वर जाते तसतसा हा वाटा आटत जातो. 2016 च्या तुलनेत वरच्या पदांवरचा वाटा वाढला आहे, हेही नोंदवले पाहिजे. पण त्याच काळात एकूण कर्मचाऱ्यांतला वाटाही 17.7 टक्क्यांवरून 26.4 टक्क्यांवर गेला.

भारतीय वाचकाला हा विषय परका नाही. एनएचएसच्या जवळपास जन्मापासून भारतीय उपखंडातले डॉक्टर तिथे गेले. मोठ्या शहरांतल्या नामांकित विभागांची दारे त्यांच्यासाठी सहसा बंद असत. म्हणून वृद्धांची चिकित्सा, मानसोपचार आणि औद्योगिक वस्त्यांतले दवाखाने, म्हणजे जिथे जायला स्थानिक डॉक्टर तयार नसत, त्या जागा त्यांनी सांभाळल्या. वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांतल्या कित्येक वस्त्यांचा कुटुंबवैद्य दशकानुदशके भारतातून आलेला होता. आजही इंग्लंडच्या एनएचएसमध्ये ब्रिटिश नागरिकांनंतर सर्वांत मोठा गट भारतीय नागरिकांचा आहे. त्यांत महाराष्ट्रात शिकलेले डॉक्टर आणि परिचारिकाही आहेत. कोविडच्या पहिल्या लाटेत मृत्युमुखी पडलेले पहिले दहा डॉक्टर सगळेच्या सगळे अल्पसंख्य वंशगटांतले होते. संरक्षक साधनांसाठी आग्रह धरण्याची आणि धोक्याचे काम नाकारण्याची मुभा सर्वांना सारखीच होती का, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. समावेशाचा आकडा जीवन-मरणाशी कसा जोडलेला असतो, हे त्या दिवसांत कळले.

अपंग कर्मचाऱ्यांसाठी 2019 मध्ये दहा निर्देशकांची स्वतंत्र मोजपट्टी आली. तिच्यातली सर्वांत बोलकी नोंद म्हणजे दोन आकड्यांतला फरक. मालकाच्या दप्तरी अपंगत्व किंवा दीर्घ आजार नोंदवणारे कर्मचारी 2023 मध्ये सुमारे 5 टक्के होते. निनावी पाहणीत मात्र पाचांपैकी एकाहून अधिक जणांनी तो सांगितला. जो आजार निनावीपणे सांगता येतो पण साहेबाला सांगता येत नाही, त्यासाठी सोयीची खुर्ची, बदललेली पाळी किंवा उपचारांसाठी रजा मागता येत नाही. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे संस्थेवरच्या अविश्वासाचे माप आहे. 2023 मध्ये पाहणीत प्रथमच कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक वर्तनाचा प्रश्न विचारला गेला. रुग्ण, नातेवाईक किंवा इतर लोकांकडून नकोसे वर्तन झाल्याचे सुमारे 9 टक्क्यांनी आणि सहकाऱ्यांकडून झाल्याचे सुमारे 4 टक्क्यांनी सांगितले. लाखोंच्या सेवेत या टक्केवारीमागे हजारो माणसे आहेत. तोवर हा प्रश्न विचारलाच जात नव्हता, म्हणून त्याचे उत्तर कोणत्याही अहवालात नव्हते.

तिसरे खाते शाश्वततेचे. इंग्लंडच्या एकूण कार्बन उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे 4 टक्के धरला जातो. ऑक्टोबर 2020 मध्ये एनएचएसने निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. स्वतःच्या इमारती, वाहने आणि भुलेचे वायू यांसारख्या थेट ताब्यातल्या उत्सर्जनासाठी 2040 हे वर्ष ठरले आणि पुरवठादार, औषधे, प्रवास यांसह व्यापक उत्सर्जनासाठी 2045. जुलै 2022 मध्ये अमलात आलेल्या आरोग्य आणि शुश्रूषा कायद्याने हे कर्तव्य कायद्यात घातले. असे करणारी ती जगातली पहिली राष्ट्रीय आरोग्यसेवा ठरली. प्रत्येक ट्रस्टला संचालक मंडळाने मंजूर केलेली हरित योजना करावी लागते आणि तिच्या प्रगतीचा आढावा घ्यावा लागतो. वेल्समध्ये 2015 च्या भावी पिढ्यांच्या हिताच्या कायद्याने आरोग्य मंडळांवर असेच कर्तव्य आधीच टाकले होते.

या खात्यात पद्धत बदलल्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण शस्त्रक्रियागृहात सापडते. डेस्फ्लुरेन हा भूल देण्याचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,500 पट उष्णता धरून ठेवतो. तेवढेच काम करणारे सेव्होफ्लुरेन त्यामानाने कितीतरी सौम्य आहे. भूलतज्ज्ञांनी स्वतःहून डेस्फ्लुरेनचा वापर कमी केला, मार्च 2023 मध्ये स्कॉटलंडने तो थांबवला आणि 2024 मध्ये इंग्लंडनेही अपवादात्मक गरज सोडून तो बंद केला. रुग्णाच्या सुरक्षिततेत काही कमी न करता एक बाटली कपाटातून कायमची निघाली.

नायट्रस ऑक्साइडची कथा आणखी उद्बोधक आहे. बहुतेक रुग्णालयांत मोठी सिलिंडरे एका खोलीत ओळीने लावलेली असतात आणि तिथून तांब्याच्या नळ्यांतून वायू शस्त्रक्रियागृहांत पोचतो. स्कॉटलंडमधल्या लोदियन भागात औषधविभागाने एक साधी ताळमेळाची तपासणी केली. वर्षभरात किती वायू विकत घेतला आणि भूलतज्ज्ञांच्या नोंदींप्रमाणे रुग्णांना किती दिला, हे दोन आकडे शेजारी मांडले. विकत घेतलेल्या वायूचा बहुतांश भाग रुग्णापर्यंत पोचलाच नव्हता. तो जुन्या नळ्यांच्या सांध्यांतून झिरपून आणि न वापरताच परत केलेल्या सिलिंडरांतून वाया जात होता. उपायही साधा निघाला: मध्यवर्ती पुरवठा बंद करायचा आणि गरज पडेल तिथे भुलेच्या यंत्रालाच छोटे सिलिंडर लावायचे. पुढे हीच तपासणी ब्रिटनभर आणि बाहेरच्या देशांतही होऊ लागली. रुग्णाचे काहीही हिरावून न घेता, नुसती गळती थांबवून उत्सर्जन आणि खर्च दोन्ही घटले.

दम्याच्या इनहेलरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दाबाखालच्या इनहेलरांत औषध बाहेर फेकण्यासाठी जो वायू असतो तो कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट तापमानवाढ करतो. कोरड्या भुकटीच्या इनहेलरांत तो लागत नाही. पण भुकटी ओढायला श्वासाचा जोर लागतो आणि तो लहान मुलांना किंवा खूप थकलेल्या वृद्धांना नेहमीच साधत नाही. म्हणून बदल रुग्णाशी बोलून, त्याला झेपेल तसाच करावा, असा दंडक आहे. दमा नीट आटोक्यात आला की तातडीच्या इनहेलरचा वापर आपोआप घटतो. चांगला उपचार हाच इथे पर्यावरणाचाही उपाय ठरतो.

मात्र एनएचएसच्या व्यापक उत्सर्जनाचा सुमारे 62 टक्के भाग पुरवठासाखळीत आहे. औषधे, उपकरणे, कापूस, अन्न, संगणक अशा विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या निर्मितीत तो दडलेला आहे. भुलेची बाटली बदलणे एका विभागाच्या हातात असते, तर जगभर पसरलेल्या कारखान्यांची रीत बदलणे एका ट्रस्टच्या आवाक्यात नसते. म्हणून या भागातली प्रगती संथ आहे. पुरवठादारांवर टप्प्याटप्प्याने अटी घालणे हाच तिथला मार्ग आहे.

हवामानबदल आरोग्यसेवेवर उलटूनही येतो. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडमध्ये पारा प्रथमच 40 अंशांपुढे गेला. त्या उष्म्यात लंडनमधल्या गायज अँड सेंट थॉमस या मोठ्या ट्रस्टची संगणकयंत्रणा कोलमडली आणि तपासण्या-शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. डिसेंबर 2020 मध्ये नऊ वर्षांच्या एला अडू-किसी-डेब्रा या लंडनमधल्या मुलीच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषित हवेची अधिकृत नोंद झाली. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच होत होती. एला 2013 मध्ये दम्याने गेली होती. आपल्या रुग्णवाहिकांच्या धुराचा हिशेब ठेवणे हा आरोग्यसेवेचा छंद नाही, हे अशा नोंदी सांगतात.

तिन्ही खाती एका जागी कशी येतात, याचे उदाहरण म्हणून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातली हातमोज्यांची मोहीम घेता येईल. रक्त किंवा शरीरद्रवांशी संबंध नसलेल्या कामांतही मोजे घालण्याची सवय पडली होती. 2018 मध्ये परिचारिकांनी ती तपासली. गरज नसेल तिथे मोजे घालायचे नाहीत आणि हात नीट धुवायचे, असे ठरले. एका वर्षात सुमारे 21 टन प्लास्टिकचा कचरा वाचला आणि सुमारे 90,000 पौंडांची बचत झाली. सतत मोजे घातल्याने सोलवटणारी कर्मचाऱ्यांची त्वचाही सुधारली. शिवाय हा बदल वरून लादलेला नव्हता. खाटेपाशी काम करणाऱ्यांनी तो सुचवला, त्यांचे ऐकले गेले आणि म्हणून तो टिकला.

असा लेखाजोखा वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. पाहणीला जवळपास निम्मे कर्मचारीच उत्तर देतात. सर्वांत थकलेली, रात्रपाळीतली किंवा संगणकापासून दूर काम करणारी माणसे कित्येकदा उरलेल्या निम्म्यांत असतात. राष्ट्रीय सरासरी चांगल्या आणि वाईट ट्रस्टांमधले अंतर झाकते, म्हणून ट्रस्टनिहाय आकडे पाहिले पाहिजेत. तक्रारी वाढल्या की परिस्थिती बिघडली असे नेहमीच नसते. कधी कधी लोक बोलू लागले, एवढाच त्याचा अर्थ असतो. मोजपट्टी मध्येच बदलली तर तुलना तुटते. मार्च 2025 मध्ये एनएचएस इंग्लंड ही संस्था बरखास्त करून तिचे काम सरकारच्या आरोग्य खात्यात नेण्याचा निर्णय जाहीर झाला. अशा फेररचनेत प्रश्नावली, निर्देशक आणि जाहीर करण्याची शिस्त अखंड राहणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात किंवा इतरत्र कोणी असा ताळेबंद सुरू करू पाहील तर त्याने एनएचएसचे आकडे उसने घेण्याची गरज नाही, कारण तिथली पदरचना, पगार आणि हवामान वेगळे आहे. घेण्याजोगी आहे ती शिस्त: दर वर्षी तेच प्रश्न विचारावे, उत्तर देणाऱ्याला अभय द्यावे, निकाल संस्थेच्या नावानिशी जाहीर करावा आणि जो आकडा हलत नाही त्यामागची कामाची पद्धत शोधून ती बदलावी. अहवाल वाचणाऱ्यानेही प्रत्येक संकल्पापुढे एकच प्रश्न ठेवावा: गेल्या वर्षी वॉर्डात, कार्यालयात किंवा शस्त्रक्रियागृहात नेमके काय वेगळ्या रीतीने केले गेले? त्याचे उत्तर ज्या पानावर सापडेल ते पान खऱ्या प्रगतीचे समजावे.